रिकाम्या गालातलं कडू चाकलेट

सन दोन हजार बावीस. माझं वय तेव्हा एकाहत्तर, शाळेच्या दाखल्यावर त्र्याहत्तर. मास्तरनं अंदाजानं लिहिलं होतं, आणि चौथीनंतर ते दुरुस्त करून घ्यायला मी परत शाळेत गेलो नाही. आमचं गाव अकोले तालुक्यात, वरच्या डोंगरात. मुक्कामाची एसटी सकाळी सुटते, तिच्यापाशी मी उभा. एक ट्रंक, एक वळकटी आणि पिशवीत घरचा तांदूळ. पोरगा न्यायला आला होता. तो नागापूरला एमआयडीसीत लेथवर असतो.

मी पोराच्या गळ्यात पडायला निघालो नव्हतो, हे आधीच लिहून ठेवतो. कारभारीण गेल्यावर वर्षभर हातानं भाकरी थापून खाल्ल्या. जळक्या का होईना, पण माझ्या होत्या. पोरगा म्हणाला, "आबा, लोकं मला नावं ठेवत्यात." माझ्या पोराला लोकांनी नावं ठेवावीत हे मला खपणारं नव्हतं. म्हणून निघालो.

एसटीपाशी सखाराम आला होता. त्याच्या बांधाला माझा बांध, आणि पोरपणापासून आमची जोडी. तंबाखूची चंची माझ्या खिशात असायची आणि चुन्याची डबी त्याच्या. असं कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्यांदा चोरून खाल्ली तेव्हा मी बापाची तंबाखू आणली, त्यानं आजीच्या पानाच्या डब्यातला चुना आणला, आणि पुढं सगळा जन्म तेच चाललं. एकट्याला गालात तंबाखूचा बार भरताच येत नसे. कितीही भांडलो तरी दुपारपर्यंत एक जण दुसऱ्याच्या बांधावर येऊन खाकरायचा. मळलेली चिमूट हातावर पडली की भांडण कशावरून होतं तेही आठवत नसे.

मी म्हणालो, "सख्या, वाटंला थोडा चुना दे."

त्यानं कोपरीच्या खिशावर हात ठेवला. म्हणाला, "चुना न्हाई मिळायचा. लागला तर ये."

एसटी निघाली. मी खिडकीतून हसलो. हसलो नसतो तर पोरासमोर दुसरं काहीतरी झालं असतं.

नागापूरला दोन खोल्या. तिकडं पहाटे अंगावर वारा यायचा, इकडं भोंगा. तिकडं माणूस लांबून चालीवरून ओळखू यायचा, इकडं सगळे एकाच रंगाच्या शर्टात. पण महिनाभरात चार म्हातारे मिळाले. आमच्यासारख्यांना ओळख काढायला नाव-गाव लागत नाही. "चुना हाय का?" एवढं विचारलं की झालं. कंपनीच्या भिंतीकडंच्या लिंबाखाली आमची बैठक बसू लागली. एक घोडेगावचा होता, सगळा जन्म बैलबाजारात दलाली केलेला. तो माझ्याकडंही दात मोजल्यासारखा बघायचा.

आणि नेमका दातच ठणकायला लागला. सून, तिचं नाव मनीषा, मला दाताच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर पोरगी होती, माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "आजोबा, तोंड किती उघडतं बघू, तुमची तीन बोटं उभी धरून तोंडात घाला." दोन गेली, तिसरं अडलं. मग बत्ती लावून तिनं गाल आतून बघितला. म्हणाली, पांढरा चट्टा आहे, तंबाखू आजपासून बंद. ह्या चट्ट्याचं पुढं काय होतं ते मला सांगायला लावू नका.

मी म्हणालो, "माझा बाप तंबाखू खाऊन नव्वदीला गेला."

ती म्हणाली, "ते त्यांचं तोंड होतं."

मी तंबाखू सोडली ती तिच्या म्हणण्यावरून नाही. घरी आल्यावर मनीषा मोरीत भांडी घासत नवऱ्याला हळू म्हणाली, "आबांना न्हाई जमायचं. जाऊ द्या, बोलू नका काही." ते मी ऐकलं. मला जमायचं नाही म्हणते! त्याच दिवशी चंची धुऊन दोरीवर वाळत घातली, सगळ्यांना दिसेल अशी.

पण गाल रिकामा झाला. ज्यानं कधी बार भरला नाही त्याला हे कळणार नाही. घरातलं माणूस गेल्यावर बोलायला तोंड उघडतं आणि समोर कोणी नसतं, तशी जीभ सारखी तिथं जाते. बडीशेप चघळली, लवंग धरली, सुपारीही डॉक्टरणीनं बंद केली होती. लिंबाखाली गेलो की घोडेगावकर चिमूट पुढं करायचा. नको म्हणालो की त्याला वाटायचं, म्हातारा रुसला. चार दिवसांनी त्यानं विचारणं सोडलं. मग मी जाणं सोडलं.

एका दुपारी मनीषाच्या स्टीलच्या डब्यात काळे तुकडे दिसले. मला वाटलं कात आहे. पानाला लावतात तो. एक उचलला आणि कडकन चावला. अरं देवा! गुळाच्या काहिलीचं करपलेलं बूड. मी अंगणात जाऊन थुंकलो, दोन तांबे पाणी प्यायलो.

मनीषा कामावरून आली तेव्हा तिला विचारलं. ती पोट धरून हसली. "आबा, चाकलेट हाय ते!"

"चाकलेट गोड असतंय. मला शिकवती व्हय?"

ती एका लहान कारखान्यात जायची, तिथं चाकलेट करतात एवढं मला ठाऊक होतं. तिनं सांगितलं, कोकोच्या बिया येतात, त्या निवडायच्या, भाजायच्या, दळायच्या. साखर नावाला. जितकं कडू तितकं महाग. वडी मोडली की ती विकत नाहीत, बायकांना वाटून देतात.

"कडू खायला पैसं कोन देतं?"

"हायेत की लोकं. पोटभर गोड खाऊन झालेली."

मला वाटलं, आमच्या घरात कडू फुकट होतं तेव्हा कोणी विचारलं नाही. पण दोन दिवसांनी ती कामावर गेल्यावर मी तो डबा पुन्हा उघडला. गाल रिकामा होता, दुसरं कारण नाही. परत चावला, परत थुंकला. तिसऱ्या दिवशी तुकडा हातात घेऊन नुसता बसलो, आणि तो मला ओळखीचा वाटू लागला.

उन्हाळ्यात आमच्याकडं हिरडा गोळा करायचं काम. कोवळा, आत आठळी न धरलेला, त्याला बाळहिरडा म्हणतात. आई मला टोपल्याला हात लावायला रानात न्यायची. कातळावर पसरून वाळवला की तो काळा पडून आक्रसतो, अगदी या तुकड्यासारखा. खोकला झाला की आई त्यातलाच एक तोंडात कोंबायची. तुरट इतका की जीभ चामड्यासारखी व्हायची. मी चावून टाकायला बघायचो, तर आई पाठीत एक द्यायची. "चावू नगं रं. गालात धर आन इसरून जा. त्याचं त्याला कळतंय कवा सोडायचं."

मी चाकलेट चावत होतो. सत्तरी ओलांडली तरी आईचं ऐकत नव्हतो.

धरला गालात. आधी कडू. मग नुसतं कडू राहिलं नाही. तव्यावर नाचणी भाजताना वास येतो तसं काहीतरी आलं, मग अर्धकच्च्या करवंदाचा आंबटपणा. हिरडा विरघळत नाही, हे विरघळत गेलं. हिरड्यावर पाणी प्यायलं की पाणी साखरेसारखं लागतं. म्हणून उठून पाणी प्यायलो. तसं लागलं नाही. नुसतं पाणी लागलं. पण उन्हातून येऊन आईनं आधी मला आणि मग स्वतःला ओतलेलं पाणी आठवलं, आणि दुपार कशी गेली कळलं नाही.

मग रोज एक, जेवणानंतर. मनीषाला वाटायचं मला कळत नाही की ती डबा मुद्दाम खाली ठेवते. मी तिला कळू देत नव्हतो की मला कळतं. असं चार महिने चाललं. एक दिवस मात्र मला राहवलं नाही. म्हणालो, "ह्या खेपंचं जास्त भाजलंय."

ती बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी कामावरून आली ती चपला न काढताच बोलली, "आबा, तुमचं खरं निघालं. भट्टीवर नवी बाई हुती." तेव्हापासून प्रत्येक खेपेचा तुकडा आधी माझ्या गालात यायचा. मग ती समोर बसून वाट बघायची. माझ्या सुनेनं माझ्या तोंडाकडं असं बघावं, हे गावाकडं कधी झालं असतं असं वाटत नाही. तिकडं ती डोक्यावरचा पदर सावरत ताट ठेवून आत जायची.

लिंबाखाली एकदा चाकलेटचा पुडा नेला होता. घोडेगावकरानं तुकडा तोंडात घातला आणि भिंतीवर थुंकला. "पाव्हनं, आमी तुमचं काय वाईट केलं?" सगळे हसले, मीही हसलो. परत नेला नाही.

यंदा उन्हाळ्यात, दोन वर्षांनी, गावाला गेलो. एसटीतून उतरलो तर जो भेटेल तो विचारी, "कवा आलास?" आणि लगेच, "कवा जानार?" स्वतःच्या गावात माणसाला हे दोन प्रश्न कोणी विचारत नाही. उत्तर देत देत सखारामच्या ओट्यावर गेलो. तो बसलाच होता. वाळला होता. त्यानं डबी काढून मधी ठेवली आणि हात पसरला.

"काढ चंची."

"न्हाई."

"इसरला?"

"सोडली."

त्यानं हात तसाच ठेवला. "कशापायी?"

मी सांगितलं, चट्टा, डॉक्टरीण, सगळं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. मग म्हणाला, "तू ग्येल्यावर म्या कुनाम्होरं हात न्हाई पसरला. दुकानातली पुडी खातो. तिच्यात समदं मिसळलेलंच असतं, कुनी लागत न्हाई."

मी पिशवीतून चाकलेट काढलं. "हे बघ. ह्यानं सुटली."

"काय हे? म्हशीला जंताची गोळी?"

"गालात धर. चावायचं न्हाई."

त्यानं तुकडा घेतला, मोडला, परत मोडला. ज्वारीच्या दाण्याएवढा केला आणि ओठांच्या कोपऱ्यातून बोटानं आत सारला.

"मोठा घे की, लेका."

"येवढाच जातो."

त्याची बायको पारूवहिनी चहा घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "भावजी, दिवाळीपास्नं भाकर दुधात चुरूनच खात्यात. तिखट तर तोंडाला लागू देत न्हाईत, आग हुती म्हनत्यात."

"दात गेल्यात माझं. तू आत जा."

मी त्याच्यासमोर माझी तीन बोटं उभी धरली. "आता मला तिन्ही जात्यात. तू घाल."

"तू डाक्टर झाला व्हय रं?"

"घाल म्हंतो ना!"

मी ओरडलो म्हणून त्यानं घातली. एक गेलं. दुसरं दातांवर अडलं. त्यानं मला दिसू नये म्हणून हात झटकन काढला आणि धोतराला पुसला. पारूवहिनी चहाच्या कपबशा घेऊन तशीच उभी.

"उद्या माझ्यासंगं नागापूरला चल," मी म्हणालो.

"ऊठ हितनं. दोन वरीस गायब, आन आता मरान सांगाया आलास. तुझं कडू तुलाच ऱ्हाऊ दे."

मी उठलो. अंगणाच्या कडेपर्यंत जाऊन मागं बघितलं. तो रागानं दुसरीकडं तोंड करून बसला होता, पण त्याचा गाल हलत होता. तो थुंकला नव्हता.

मुक्कामाला भावाच्या घरी होतो, तिथं रात्री जेवण गेलं नाही. माझ्यासारखे पोरांकडं गेलेले पुष्कळ आहेत, आणि गावात राहिलेलेही. त्यांच्यासाठी हे लिहितो. इतके दिवस मला वाटायचं, जाणाऱ्यालाच त्रास होतो. गाल माझाच रिकामा झाला. मागं राहिलेल्याचं काय जातं, त्याचा बांध तिथंच, ओटा तिथंच. पण मी गेलो आणि एक माणूस पुडीला लागला, कारण बरोबर बसायला दुसरं कोणी नको होतं. नागापूरला मला चांगलं आहे, सून जीव लावते, ते घर नाही असं मी म्हणणार नाही. पण आपण नसल्याचं ज्या ठिकाणी कोणाला तरी अंगावर भोगावं लागतं, ते आपलं गाव. ते सुटत नाही, आणि सुटलं असं म्हणणारा खोटं बोलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपवाल्याला सांगितलं, "दोन शिटा. म्या म्हनंस्तवर हलायचं न्हाई." मग सखारामच्या घरी गेलो. तो मोरीपाशी पाठमोरा बसून तोंड धूत होता. टोपी खुंटीवर होती. बाप मेला ते दिवस सोडले तर हा माणूस कधी उघड्या डोक्यानं उंबऱ्याबाहेर पडलेला नाही. पारूवहिनीनं मला बघितलं आणि चुलीकडं तोंड फिरवलं. मी टोपी उचलली, खिशात कोंबली आणि जाऊन जीपमध्ये बसलो.

तो आला, टॉवेल डोक्यावर धरून, अर्ध्या गावाला ऐकू जातील अशा शिव्या देत. "टोपी दे, मुडद्या!"

"आत ये, देतो."

तो आत चढला. मी दार ओढून घेतलं, ड्रायव्हरला म्हणालो, "चल." वाटेवरचं राजूर गाव मागं पडेपर्यंत टोपी दिली नाही.