प्रधानकाकूंना दोन धूमकेतू दिसले

चहा आधी पिऊन घ्या. नंतर म्हणाल, हिच्या हातचं पाणीसुद्धा नको! कारण आमच्या इमारतीतलं एक भरलं घर मी एका स्क्रू ड्रायव्हरने रिकामं केलं, तो प्रकार सांगणार आहे. तोही शिवणाच्या मशीनचा स्क्रू ड्रायव्हर हो. बोटाएवढा!

बदलापूरला खरवईच्या बाजूची आमची इमारत तेव्हा नवी होती. मी घरी ब्लाउज शिवायची. समोरच्या दारात प्रधानकाका आणि काकू. काका अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. मुलगा सुहास पुण्याला. तो आला की एकच धोशा, "इथे दोघंच नका राहू, चला माझ्याकडे." आणि काकूंचं उत्तरही ठरलेलं, "डोळे शाबूत आहेत तोवर मी माझं घर सोडणार नाही." त्यांना डायबेटिस होता, म्हणून धास्ती सगळी डोळ्यांची.

आणि मी? मला अख्खी इमारत भोचक म्हणायची. का? तर माझी मान. लहानपणापासून डाव्या खांद्याकडे कललेली. कुणाच्या दारावरून गेले की वाटायचं, ही आत डोकावतेय. आता डोकवायचे मी, नाही कशाला म्हणू! पण मान त्यासाठी वाकडी नव्हती. आई म्हणायची, पाळण्यात एकाच कुशीवर झोपायचीस म्हणून.

तर सत्त्याण्णव साली तो मोठा धूमकेतू आला. संध्याकाळी मावळतीकडे नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. पण काकांचं समाधान होईना. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून त्यांनी जहाजावरची जुनी दुर्बीण आणली. दुर्बीण कसली, दोन दुधाच्या बरण्या शेजारी बांधल्यासारखी! हातात धरली की मनगट लटलटायचं. म्हणून फोटोवाल्याच्या तिकाटण्यावर बसवली, तर ती लग्नात पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखी पुढे पुढे वाकायची. मग काकांनी लोखंडी पाइपचा स्टँड करून घेतला आणि मागे वजन म्हणून बांधला... काय? काकूंचा वरवंटा!

"आता चटणी काय तुमच्या डोक्यावर वाटू?" काकू ओरडल्या. पण हसत होत्या.

एके दिवशी गच्चीत स्टँडची पट्टी सटकली आणि दुर्बीण टाकीवर आपटली. काकांनी घाबरत घाबरत डोळे लावले. "वाचली! एकच दिसतंय."

"बघू," म्हणून मी पुढे झाले.

"वहिनी, मान सरळ धरा. तुमच्याबरोबर दुर्बीण पण कलतेय."

मान सरळ धरली. लांबचं कारखान्याचं धुराडं दिसलं. एक नाही, दोन! एकावर एक!

"काका, बिघडली की ही! दोन दिसतात."

"मला तर एकच दिसतंय."

"तुमचं वय काय, माझं काय? मी अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते."

बिचारे दुर्बिणीचा टवका पुसत बसले. (सुई ओवताना मी एक डोळा मिटते, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात यायला?)

दुसऱ्या दिवशी काका पट्टी वेल्डिंग करून आणायला कॅम्प चारला निघाले. जाताना दुर्बीण माझ्याकडे ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, हे कडेचे बारीक स्क्रू आहेत ना, त्यांना हात लावायचा नाही. आतल्या काचांची दिशा हलते."

आता मला सांगा, असं कुणी सांगतं का? मला स्क्रू कुठे आहेत हेच ठाऊक नव्हतं!

दुपारभर खिडकीत बसले. दुर्बीण उशांवर टेकवली, मान सरळ, नजर धुराड्यावर. हा स्क्रू जरा पिळ, तो जरा सोड. डोकं ठणकलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण शेवटी वरचं धुराडं खालच्यावर असं बसलं म्हणता, जसं काजाला बटण! काकांना काही बोलले नाही. म्हटलं, संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगू.

त्याच दिवशी सुहास आलेला. गच्चीत सगळी इमारत जमली. पहिला मान मी घेतला. अहाहा! झुपकेदार शेपटीचा, झळझळीत, एकच्या एक! "कालपर्यंत दोन दिसत होते. मी दुरुस्त केली!"

मग तळमजल्यावरचे लालवानी वाकले. "भाभी, मेरेको तो दो दिखता है."

"शेठ, डोळे तपासा. कमजोर नजरेला दोन दिसतात," मी ठणकावून सांगितलं.

लालवानी परत वाकले. "हां हां, एक ही है. एकदम एक."

त्यांच्यामागे म्हात्रेवहिनींची मुलगी. तिला रविवारी बघायला येणार होते. तिने डोळे लावले आणि तोंड उघडणार, तोच म्हात्रेवहिनींनी तिच्या दंडाला चिमटा काढला. "एकच दिसतो ना गं? एकच दिसतो तिला!"

मग काय, जो तो वाकतोय आणि म्हणतोय, "एक." सुहासही म्हणाला, "एक." नजर कमी म्हणून सुटायला त्याची काही गाडी चालवायची नोकरी नव्हती, पण लाज सगळ्यांनाच असते ना!

काकू आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सुमन, मला दोन दिसतात गं."

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या.

"नीट बघा काकू."

"नीटच बघतेय. एकावर एक. दोन आहेत." खोटं बोलणं त्या बाईच्या रक्तातच नव्हतं.

सुहासने काकांकडे पाहिलं. काका उठले, दुर्बिणीला डोळे लावले, काढले, परत लावले. "एक," म्हणाले आणि टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

शब्द काकूंचाच होता, डोळे शाबूत आहेत तोवर. सुहासने तो उलटा धरला. "आई, आता तरी ऐक." आणि मी? मी मध्ये पडले हो! म्हटलं, "काकू, पोरगा म्हणतो ते बरोबर आहे. पुण्याला मोठे डॉक्टर आहेत."

उन्हाळा संपायच्या आत घर विकलं. टेम्पो भरल्यावर काकांनी दुर्बीण माझ्या दारात आणून ठेवली. "वहिनी, तुमच्याकडेच ठेवा. खरं सांगू? मलाही त्या दिवशी दोनच दिसले." वरवंटा तेवढा काकूंनी स्टँडवरून सोडवून बरोबर नेला.

पुढच्या वर्षी सुईतला दोरा चुकायला लागला. मी उल्हासनगरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. "मान कधीपासून वाकडी आहे?"

"पाळण्यापासून."

"पाळण्याचा काही दोष नाही. तुमचा एक डोळा वर बघतो, एक खाली. जन्मापासूनच. मान सरळ केली की तुम्हाला दोन दिसतात, म्हणून मान कलते."

दोन्ही डोळ्यांचं एक करणारा तिरप्या काचांचा चष्मा मिळाला. चष्मा लावला आणि चाळीस वर्षांची मान सरळ! आमचे हे म्हणाले, "आता शेजाऱ्यांना कसं कळणार तू आलीस ते?"

हसले मी. घरी आले, माळ्यावरून दुर्बीण काढली, खिडकीत उशांवर टेकवली. चष्म्यासकट डोळे लावले.

धुराडी दोन.

तशीच चपला घालून एसटीडी बूथवर गेले. काय बोलायचं ते वाटेत सगळं जुळवलं होतं: काकू, मला माफ करा, तुमचे डोळे चांगले होते, वाकडे माझेच होते, दुर्बीण मीच बिघडवली.

फोन काकूंनीच उचलला. "सुमन? अगं किती दिवसांनी! डोळे? चांगले आहेत बाई. डॉक्टर म्हणाले, काही बिघाड सापडत नाही. मी म्हटलं, वेळेवर आलो म्हणून वाचले. तुझ्यामुळे हो! इथे गच्चीला कुलूप असतं, आकाश दिसत नाही, शेजारी कोण आहे ते माहीत नाही. पण डोळे वाचले ना! तुझं नाव रोज काढते मी."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"आणि दुर्बीण कशी आहे गं? नीट दिसतं ना? एकच?"

चष्मा सारखा केला. मान एकदम सरळ होती.

"एकच," मी म्हटलं.