तीन टेकूंचा स्टँड

हसणार नसाल तरच सांगते. नाही, हसालच तुम्ही! निदान आधी चहाचा घोट तरी गिळा.

आमच्या ह्यांचा चारकोपला छोटा गाळा आहे, मशीनचे भाग बनवतात. तिथे ह्यांनी ग्रॅनाइटची सरफेस प्लेट आणली. म्हणजे अगदी सपाट, जाडजूड काळा दगड! त्यावर ठेवून प्रत्येक भाग तपासायचा. नवी ऑर्डर देणारे साहेब गाळा बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं तरच काम मिळणार.

पण दगड ठेवायचा कशावर?

"सागवान घे दादा," आमचे प्रकाश भावोजी म्हणाले.

"पावसाळ्यात फुगेल रे."

मी कशी गप्प बसणार? "अहो, कडप्पा घ्या ना! आपला ओटा नाही का इतकी वर्षं कडप्प्यावर उभा?"

"अगं, इथे पोळ्या लाटायच्यात का? केसाएवढा फरक मोजायचाय!"

शेवटी लोखंडी पाइपचा स्टँड झाला, वर रबराचे टेकू. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून दगड चढवला. मी पूजेचं ताट घेऊन गेले. वाकून बघते तर काय, टेकू तीनच! पुढे दोन, मागे मधोमध एक.

तीन तिगाडा, काम बिघाडा! आणि तेही नव्या वस्तूला? घाईत विसरले असतील बिचारे. सगळे चहाला बाहेर गेले, तशी मी गुपचूप ताटातली सुपारी दगडाच्या मागच्या एका कोपऱ्याखाली सारली. सैल वाटली, म्हणून हातोडीने ठोकली. झाले चार!

थोड्या वेळाने ह्यांनी दगडावर हात ठेवला. डुगडुग, डुगडुग!

"वाट लागली! वेल्डिंगमध्ये पाइप वाकला वाटतं."

"सांगत होतो ना, लाकूड घे?" भावोजी.

वेल्डरला बोलावलं. तो म्हणाला, रबरच खराब आहे. ह्यांचा चेहरा एवढासा झाला. आणि मी शहाणी काय म्हणाले असेन?

"कडप्पा घेतला असता तर..."



स्टँड कापायचा ठरला. दगड उचलला आणि सुपारी टुणकन वेल्डरच्या पायाशी!

"ही कोणी ठेवली?"

मी हळूच म्हटलं, "एक टेकू कमी होता ना..."

"अगं, तीनवर वस्तू कधी डुगडुगत नाही! तुझ्या माहेरच्या चुलीला दगड किती?"

तीन. लग्न होईपर्यंत त्याच चुलीवर भाकऱ्या भाजल्या हो मी!

भावोजींनी सुपारी उचलून कपाळाला लावली. "वहिनी, पूजेतली सुपारी म्हणजे गणपती. तू बाप्पाला हातोडी मारलीस? वर हा धोंडा ठेवलास?"

दगड तीन टेकूंवर बसला, एकदम गप्प. सकाळी साहेब आले, ऑर्डरही मिळाली. म्हणजे बाप्पाने माफ केलं.

ह्यांनी नाही! अजून गाळ्यात शिरताना मला दारात थांबवून म्हणतात, "मुठी उघडून दाखव बघू!"