बुटातला डावा हात

गल्लीच्या टोकाला, दोन जिन्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत उस्तादांचं जोड्यांचं दुकान होतं. उस्ताद ही पदवी बाजाराने दिलेली. घरी त्यांना कुणी एवढा भाव देत नसे. काम करताना त्यांना डोळे मिटायची खोड होती. उजव्या हातातली टोकदार आरी बाहेरून चामड्यात शिरायची, बुटाच्या आत गेलेला डावा हात तिच्या आकड्यात मेणाचा दोरा अडकवायचा आणि ती दोरा घेऊन परत यायची. आतला हात तसाही दिसत नाही, मग डोळे कशाला शिणवायचे, असं त्यांचं म्हणणं. झोपा काढायला बरं निमित्त सापडलंय, असं बायकोचं म्हणणं.

मग तो ताप आला. ताप गेला, पण जाताना हातापायांची खबरबात घेऊन गेला. अंगात ताकद होती, गार-गरम समजत होतं, टोचलं तर दुखतही होतं. फक्त आपला हात कुठे आहे, त्याला कशाचा स्पर्श होतोय आणि मुठीत काय आहे, तेवढं कळेना. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला लावले. थोड्या वेळाने उघडायला सांगितले, तर डावा हात भलतीकडेच वर चढून बसला होता, आणि उस्ताद तर शपथेवर सांगायला तयार होते की तो जागचा हललेला नाही. बाईंनी समजावलं, मेंदूचा हुकूम हातापर्यंत जातोय, पण हुकमाचं पुढे काय झालं हे उलट येऊन सांगणाऱ्या नसा तापाने निकामी केल्यात. आता ते काम डोळ्यांनी करायचं. नसा पुन्हा सुधारतील का, असं बायकोने विचारलं. बहुतेक नाही, असं बाईंनी सांगून टाकलं.

उस्ताद चिवट माणूस. डोळ्यांत तेल घालून एकेक गोष्ट नव्याने शिकले. पेल्याकडे बघत पेला उचलायचा, पायांकडे बघत चालायचं. मध्येच कुणी हाक मारली आणि मान वळली, की पेला जमिनीवर. शिंक आली तर सगळाच कारभार कोसळायचा. हे सगळं ते हसण्यावारी न्यायचे. एका बुटाचं मात्र त्यांना हसू येत नव्हतं.

त्यांच्या लेकीचा डावा पाय जन्मापासून आखूड. ती चालायला लागली तेव्हापासून त्या पायाचा जाड तळाचा बूट उस्तादच शिवत आले होते. दुसऱ्या कारागिरांचे घालून पाहिले, पण त्यांची आतली शिवण तिला काचायची आणि ती टाचेला फोड घेऊन घरी यायची. उस्तादांचा टाका आतून असा सपाट बसायचा की पायाला पत्ताच लागू नये. आता तिला परगावच्या शाळेत नोकरी लागली होती, दिवसभर उभं राहण्याची, आणि जुना बूट अंगठ्याला घट्ट होत होता. ती जायच्या आत नवा बूट द्यायचाच, असं उस्तादांनी मनाशी घेतलं. राहू द्या म्हणून लेकीने सांगून पाहिलं, पण ऐकतील तर ते उस्ताद कसले.

चामडं कापणं, साच्यावर ताणणं, हे बघून बघून जमलं. गाडं अडलं ते तळ शिवताना. डावा हात बुटात गेला की गडप. आरी दोऱ्याऐवजी बोटात घुसायची आणि कोणत्या बोटात, ते हात बाहेर काढून पाहावं लागायचं.

एका दुपारी त्यांना युक्ती सुचली. त्यांनी चामडं कापायची रापी घेतली आणि तळाच्या जरा वर, टाचेपासून पंज्यापर्यंत, बुटाची एक बाजू चिरून टाकली. त्या फटीतून आतला हात दिसायला लागला. टाके एकामागून एक पडत गेले, अगदी पूर्वीसारखे, आणि उस्तादांनी कितीतरी महिन्यांनी शीळ घातली. तळ पुरा झाल्यावर त्यांनी बायकोला हाक मारून बूट दाखवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"आणि ही चीर कशी शिवणार?" तिने हळूच विचारलं.

उस्तादांचा चेहरा उतरला. चीर मिटवायची तर हात आतच घालावा लागणार, आणि चीर मिटत जाईल तसा तो पुन्हा झाकला जाणार. जन्मभर जोडे शिवलेल्या माणसाला हे सुचू नये, याची त्यांना मनस्वी लाज वाटली.

लेक मात्र लगेच पुढे सरसावली. तुमचा डावा हात मी होते म्हणाली, आणि तिने बुटात हात घातला. "सांगा बाबा, बोटं कुठे धरू?"

उस्तादांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की ते त्यांना ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं ते फक्त हाताला ठाऊक होतं. आठवून पाहावं म्हणून त्यांनी जुन्या खोडीने डोळे मिटले.

"बाबा, डोळे उघडा."

त्यांचा उजवा हात आरीसकट लेकीच्या दंडाला टेकला होता आणि तिने तो दुसऱ्या हाताने रोखून धरला होता. उस्तादांनी नीट बघत आरी खाली ठेवली. मग ते लहान पोरासारखे रडले. त्या बुटाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

लेक जुनाच बूट घालून निघाली. नाक्यावर बस सुटताना उस्ताद भिंतीला पाठ लावून उभे होते, शेजारी बायको. लेकीने खिडकीतून हात हलवला. आपणही हलवावा, तर पंचाईत अशी की हाताकडे बघावं तर लेक नजरेआड होते, आणि लेकीकडे बघावं तर हाताचा भरवसा नाही. उस्तादांनी लेकीकडेच पाहिलं. हाताला मनातल्या मनात हुकूम सोडला आणि बस वळणाआड जाईपर्यंत नजर हलवली नाही.

"मी हात हलवला ना गं?" त्यांनी विचारलं.

"हलवलात की," बायको म्हणाली. "तिने पाहिला."

तेव्हा कुठे त्यांनी हाताकडे पाहिलं. तो अजून वरच होता. बायकोने तो मनगटाला घट्ट धरून ठेवला होता.