व्याख्यानात फुटलेली वाट

आम्हा मराठी माणसांना व्याख्यान ऐकल्याशिवाय चैन पडत नाही. कोविडमध्ये हॉल बंद झाले, तर आमच्या ब्रिस्बेनच्या मंडळाने व्याख्यानमाला झूमवर आणली. वर इस्त्रीचा शर्ट, खाली शॉर्ट्स, असे आम्ही स्प्रिंगफील्ड लेक्स उपनगरातले लोक शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, ज्ञान घेत बसायचो.

माझं मात्र कशात लक्ष नव्हतं. सासरे गेले म्हणून बायको देशाबाहेर जायची सरकारी परवानगी काढून एकटी पुण्याला गेली होती. ती परतणार, तेवढ्यात इथल्या सरकारने भारतातून येणारी विमानंच बंद केली. लेक दीड वर्षाची, माझ्यापाशी. रात्री रडायला लागली की मोबाइलवर आईचा चेहरा दाखवायचा, एवढाच माझ्याकडे उपाय.

मग ऑफिसातल्या मित्राने हळूच सांगितलं, "दोहापर्यंत यायचं, तिथून पुढचं तिकीट वेगळं काढायचं. अजून चालतंय. पण बोलू नकोस रे कुठे, बोभाटा झाला की संपलं." मी बायकोचं मंगळवारचं तिकीट काढलं आणि तोंड शिवून बसलो.

त्या शनिवारी वक्ते होते एक रिटायर्ड इंजिनिअर काका. विषय, सोळाव्या शतकात गोव्यात आर्चबिशपकडे चाकरी करणारा एक डच प्रवासी. पोर्तुगीज आपले सागरी मार्ग जिवापाड लपवायचे. या पठ्ठ्याने ते टिपून घेतले, मायदेशी जाऊन छापले, आणि मग डच, इंग्रज सगळेच इकडे घुसले. काका छान बोलतात, खोटं कशाला सांगू?

पण काका रंगात आले. "आणि मंडळी, असा गुप्त मार्ग आजही आहे! माझा भाचा परवाच दोहामार्गे आला!" स्क्रीनवर चक्क नकाशा, त्यावर लाल बाण. कुठलं विमान, तिकीट कसं काढायचं, सगळं साग्रसंगीत.

मी ओरडलो, "काका, थांबा!" सूत्रसंचालिका गोड आवाजात म्हणाल्या, "प्रश्न शेवटी हं," आणि मला म्यूट केलं. संध्याकाळी रेकॉर्डिंग फेसबुकवर. खाली कॉमेंट, "वा! किती समयोचित उदाहरण!" समयोचित म्हणे! कपाळ माझं!

मंगळवार उजाडायच्या आत ती वाट बंद झाली. काकांमुळेच झाली असं मी म्हणत नाही, सरकारला दुसरीकडूनही कळलं असेल. पण म्हणून माझं डोकं शांत होणार होतं का? मी फोन लावला. "काका, माझी बायको येणार होती त्या वाटेने."

"अरेरे," ते म्हणाले. "पण असं बघ, ज्ञान दडवून ठेवायचं नसतं. तो डच माणूससुद्धा..."

"खड्ड्यात गेला तुमचा डच!" म्हणून मी फोन कट केला. मंडळात मीच उद्धट ठरलो. ठरू दे. कुणाचं माणूस मध्ये लटकलंय याचा विचार न करता टाळ्या घेणाऱ्याला मी नमस्कार करणार नाही, आजही करत नाही.

बायको आली तेव्हा इथला हिवाळा सरून सप्टेंबर लागला होता. हॉटेलातलं क्वारंटाइन उरकून ती दारात उभी राहिली, बॅग तिथेच टाकून गुडघ्यांवर बसली, हात पसरले. "ये गं सोन्या, मम्मा आली."

लेक माझ्या पायामागे लपली. मग माझ्या खिशातल्या मोबाइलवर थापटत तिला म्हणाली, "नो. मम्मा इथे."