रुखसानाचं नाव

वैशालीचा फोन आला तेव्हा मी नगरच्या स्टँडवर सुप्याच्या गाडीची वाट पाहत होते. वैशाली ही रुखसानाची पीएचडीची विद्यार्थिनी. “मॅडम गेल्या...” एवढंच बोलली आणि रडायला लागली. कॅन्सर होता, कल्पना होती. तरी गाडी आली आणि गेली, मी बाकावरच बसून राहिले.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. रुखसाना भिंगारची. वडील लवकर गेले, अम्मींनी शिवणकाम करून तिला आणि धाकट्या भावाला वाढवलं. पीएचडीसाठी तिनं पाथर्डीकडच्या गावांतलं बोअरचं पाणी तपासलं. एसटीनं जायची, भरलेल्या बाटल्या मांडीवर सांभाळत परतायची. एकदा एका बाईनं तिला विचारलं होतं, “आमालाच प्यायला न्हाई, अन् तुमी पानी घेऊन चालल्या व्हय?” हे सांगताना ती हसायची.

त्या कामावरचा शोधनिबंध छापून आला, त्यावर पहिलं नाव सरांचं. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, आमचे विभागप्रमुख. मग सरांच्या दोन मित्रांची नावं. त्यांनी ती गावं पाहिलीही नव्हती. शेवटी रुखसाना. ती विचारायला गेली, तर सर म्हणाले, “नाव आलंय ना? मग क्रमाचं काय घेऊन बसलीस?” क्रमाचं काय, ते बढतीच्या मुलाखतीत कळलं. गुण पहिल्या नावाला होते. बढती हुकली ती कायमचीच.

म्हणून तर अंथरुणावरूनही तिनं वैशालीला बजावलं, “काम तुझं आहे, पहिलं नाव तुझं. माझं मागं टाक.”

रुखसानानंतर वैशालीचे मार्गदर्शक सरच झाले. गेल्या आठवड्यात तिचा निबंध प्रसिद्ध झाला. पहिलं नाव सरांचं, दुसरं वैशालीचं. रुखसानाचं नावच नाही. मी सरांना गाठलं. “अहो, मयत माणसाची संमती कुठून आणणार?” ते शांतपणे म्हणाले. शोकसभेत तिच्या निष्ठेबद्दल बोलताना याच माणसानं रुमालानं डोळे टिपले होते. आता त्यांच्या टेबलाशी वैशाली खाली मान घालून उभी होती. तिच्या प्रबंधावर अजून सरांची सही व्हायचीय. तिला मी काय बोलू?

परवा भिंगारला गेले. दारावरची पाटी रुखसानानं करून घेतलेली. सगळ्यात वर अम्मींचं नाव, मग भावाचं, वहिनीचं, तळाशी तिचं स्वतःचं. भाऊ अवघडून म्हणाला, “लोक विचारतात, आपा गेल्या, पाटी कधी बदलणार? पण अम्मी हात लावू देत नाहीत.”

तेवढ्यात अम्मी बाहेर आल्या. वाकून पदरानं तळाच्या नावावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, “आत ये, बेटा.”