देहरादूनहून परतताना मिळालेलं अठ्ठावीसचं ॲव्हरेज

मुक्ताला देहरादूनच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला. दहावीपासून तिला हाच विषय हवा होता. यादीत नाव बघून पोरीने उड्या मारायच्या, तर ती म्हणाली, "पण तू एकटी काय करशील यार, आई?"

मुक्ता माझी लेक. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघीच राहतो, म्हणजे राहायचो. तिचे बाबा आणि मी ती लहान असतानाच वेगळे झालो, ते नागपूरला असतात. मी इथे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. दिल्लीतल्या एका कॉलेजातही तिला केमिस्ट्रीची सीट मिळत होती आणि ती तिने धरून ठेवली होती. सोमवारी संध्याकाळपर्यंत ठेवायची की सोडायची ते कळवायचं होतं. "तू मला तिकडे सोडून परत तर ये, मग बघते," असं बाईसाहेबांनी जाहीर केलं. काय बघणार होती ते मला पक्कं ठाऊक होतं. ती माझं ॲव्हरेज बघणार होती.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमची गाडी हायब्रिड आहे. तिला प्लग लावावा लागत नाही, तरी शेजारचे चतुर्वेदीजी तीन वर्षं झाली, विचारतातच, "मैडम, चार्ज कहाँ करती हैं?" तिच्यात पेट्रोलचं इंजिन आहे आणि जोडीला बॅटरीवरची मोटर. हळू चालली की मोटर, जोर लागला की इंजिन. ब्रेक लांबूनच हलका दाबत आणला की वाया जाणारा जोर परत बॅटरीत जातो, आणि कचकन दाबला की तो नुसती चाकं तापवतो. त्यामुळे या गाडीचं ॲव्हरेज गाडीपेक्षा चालवणाऱ्याच्या पायावर असतं. गाडी बंद केली की समोरच्या पडद्यावर त्या दिवसाचा एकूण आकडा येतो, लिटरला इतके किलोमीटर.

तो आकडा वाचून मुक्ता माझा दिवस ओळखायची. संध्याकाळी खाली येऊन खिडकीतून डोकं आत घालायची आणि म्हणायची, "सोळा? कोणाशी भांडलीस?" बहुतेक वेळा मी भांडलेली असायचे. माझे वडील गेल्याचा फोन ऑफिसात आला, त्या दिवशी तोंडबिंड धुऊन, लिपस्टिक लावून मी घरी आले होते. तिने पडद्याकडे पाहिलं आणि मला मिठी मारली. त्यामुळे या वेळी एकटीने परतताना आकडा पडला, तर पोरगी सोमवारी बॅग भरून दिल्लीत हजर होणार हे उघड होतं. मला काही करून पाय शांत ठेवायचा होता.

तर आता प्रवास. देहरादूनला या रस्त्याने जायचं असेल तर कावड यात्रा संपू द्या, गंगाजल नेणाऱ्यांनी सगळा रस्ता भरलेला असतो. उत्तरेतला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, हे विसरून आमचे एक पुणेकर पाहुणे मेरठजवळ अर्धा दिवस अडकले होते. आम्ही ऑगस्टमधल्या एका शनिवारी सकाळी निघालो. मागे गादी, बादल्या, पुस्तकांची खोकी, मेतकुटाचा डबा आणि छोटा कुकर. पंपावर टाकी फुल केली आणि मागच्या चाकांत हवा वाढवून घेतली. दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. भरलेल्या गाडीला किती हवा हवी ते त्यावर लिहिलेलं असतं. कुणी वाचत नाही, तुम्ही वाचा.

रिंग रोडला आश्रम चौकाजवळ नेहमीप्रमाणे जॅम होता. हायब्रिडवाल्यांनी जॅमला घाबरू नये. बाकीचे पेट्रोल जाळत शिव्या देत असतात तेव्हा आपण आवाज न करता मोटरवर सरकत असतो. खरी उधळपट्टी मोकळ्या रस्त्यावर होते. मेरठ एक्सप्रेसवेवर मी डावी लेन धरून पंच्याऐंशीला बसले.

"आई, तो ट्रक आपल्याला ओव्हरटेक करतोय."

"करू दे."

"त्यात म्हशी आहेत यार. त्या पण बघतायत आपल्याकडे."

एसीवरून मात्र आमचं बिल्कुल जमत नाही. मी सव्वीसवर ठेवते, ती एकवीसवर. मी वाढवायचे आणि मी आरशात बघत असताना ती कमी करायची. खतौलीच्या ढाब्यापर्यंत आकडा बावीसवर आला होता. ढाब्यावर पांढरं लोणी घातलेले पराठे खाल्ले. दोघींत दोनच मागवा, तिसरा उरतो. एकटे असाल तर एकातच आटपेल, वर ताक प्यायला जागा ठेवा.

"एकटी जेवताना मोबाईल बघत जेवू नकोस," ती मध्येच म्हणाली. "आणि उभ्याने तर अजिबात जेवू नकोस. प्रॉमिस कर."

"तू मोजे रोजच्या रोज धुशील का, ते आधी सांग."

"टॉपिक बदलू नकोस, आई."

मी पराठ्याचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे बोलायला नको.

मुझफ्फरनगरपासून दोन्ही बाजूंना ऊस लागतो, पुरुषभर उंच, त्यामागचं काही दिसत नाही. नव्या एक्सप्रेसवेने लवकर पोचता येतं म्हणतात. पण आम्हाला लवकर पोचायचं नव्हतं, निदान मला तरी नव्हतं. आम्ही जुना रस्ता धरला, रुरकी, मग छुटमलपूर, मग बिहारीगढ. बिहारीगढला मूगडाळीच्या भज्यांची दुकानं ओळीने आहेत, तिथे थांबायलाच हवं. टोल फास्टॅगवर कटतो, निघायच्या आधी त्यात पैसे आहेत ना बघा.

मोहंडनंतर घाट लागतो. सालाचं जंगल, वळणं आणि माकडं. भरलेली गाडी चढायला लागली तसं इंजिन जे सुरू झालं ते बंदच होईना. आकडा एकोणीसवर आला आणि मी चुकचुकले. मुक्ताचं तिकडे लक्षच नव्हतं. काच खाली करून ती कापलेल्या डोंगराकडे बघत होती.

"आई, हे गोटे बघ, कसे गोल आहेत! इथे नदी होती कधीतरी. या सगळ्यावरून नदी गेलीय!"

मला ते रस्त्याकडेचे दगड वाटत होते. तिचा चेहरा बघून मात्र मी मनाशी ठरवलं, ही पोरगी दिल्लीत केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बसता कामा नये.

हॉस्टेल चांगलं आहे. वॉर्डनबाईंनी खोली दाखवली आणि कुकर पाहताच हात जोडले. "कुकर अलाउड नहीं है जी. सब मराठी मम्मियाँ कुकर लाती हैं." मला जरा बरंच वाटलं, म्हणजे मी एकटी नव्हे. मेतकूट मात्र आत गेलं. रात्री मी जवळच्या गेस्ट हाऊसमध्ये राहिले. खोली साधी, स्वच्छ होती, गरम पाणी मागितलं की बादलीतून येतं.

रविवारी सकाळी हॉस्टेलच्या फाटकाशी निरोप घेतला. रडायचं नाही असं दोघींनीही न बोलता ठरवलं होतं, त्यामुळे आम्ही छत्रीबद्दल बोललो. मग ती म्हणाली, "लोकेशन ऑन ठेव. आणि घरी पोचलीस की आकड्याचा फोटो पाठव. आजचा, फक्त परतीचा."

"पाठवते ना. बघच तू."

गावाबाहेर एका दुकानात हवा तपासली. दुकानदाराने मागे वाकून बघितलं. "मैडम, पीछे तो अब सामान है नहीं. थोड़ी हवा निकाल दूँ? नहीं तो उछलेगी."

"रहने दो भैया."

मला माहीत होतं की कडक चाकं हलकी पळतात आणि ॲव्हरेज थोडं वाढतं. तुम्ही असं करू नका, रस्त्यावरची पकड कमी होते. मी केलं. गाडी खरंच उडत होती आणि प्रत्येक खड्ड्याला मागे रिकाम्या कुकरचं झाकण वाजत होतं. येताना इतकं सामान असून आवाज आला नव्हता.

घाटमाथ्यावरच्या बोगद्यापलीकडे उतार सुरू झाला. पायाला काही कामच उरलं नाही. इंजिन गप्प, बॅटरी भरत चाललेली. असा लांब उतार लागला की गियरची दांडी 'बी' या अक्षरावर टाका, ब्रेकवर ताण येत नाही. पडद्यावर त्या त्या क्षणाचाही एक आकडा दिसतो, तो बघता बघता नव्व्याण्णवला पोचला. त्याच्यापुढे तो जातच नाही, तिथेच थांबतो. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तो तिथे इतका वेळ थांबलेला पाहिला आणि डावीकडे वळून म्हणाले, "मुक्ते, बघ!"

शेजारच्या सीटवर फक्त माझी पर्स होती.

मोहंडला गाडी कडेला घेतली. आता सांगायला हसू येतं, पण रडण्याआधी मी गाडी बंद केली. उभ्या गाडीत एसी चालू राहिला की बॅटरी उतरते, मग इंजिन आपोआप सुरू होतं, पेट्रोल जळतं आणि किलोमीटर काही वाढत नाहीत. दिवसाचा आकडा घसरला असता. म्हणून काचा खाली केल्या आणि ऑगस्टच्या उकाड्यात घामाघूम होत मनसोक्त रडून घेतलं. ऑफिसात, सोसायटीत, अगदी घरीही मी अशी रडत नाही. घर केवढं शांत असेल हे मला तिथे बसल्या बसल्या ऐकू यायला लागलं होतं, आणि मला घरी जायचंच नव्हतं.

कणसं भाजणारी एक बाई पंखा हलवत खिडकीशी आली. "गाड़ी खराब हो गई?"

"नहीं, गाड़ी ठीक है."

"तो भुट्टा लोगी?"

घेतलं. लिंबू-मीठ चांगलं चोळलं होतं तिने. नाक ओढत ते सगळं संपवलं आणि निघाले.

पुढचा सगळा रस्ता मी परीक्षेला बसल्यासारखी चालवला. रुरकीपर्यंत एसी लावलाच नाही. पुढे ट्रक दिसला की लांबूनच पाय काढायचा, सिग्नलला थांबायची वेळच येऊ द्यायची नाही. मुझफ्फरनगरला गुळाची ढेप घेतली. मग आठवलं की गूळ खाणारी तर तिकडे राहिली. खतौलीचा ढाबा आला, मी वेग कमी केला, पण आत वळवली नाही.

दिवेलागणीला घरी पोचले, बटण दाबलं आणि आकडा आला, अठ्ठावीस पॉइंट एक. येवढं ॲव्हरेज मला कधीच मिळालं नव्हतं. चतुर्वेदीजी खाली शतपावली करत होते, त्यांनाही दाखवलं. "बहुत बढ़िया, मैडम," ते म्हणाले, आणि मग, "चार्ज वहीं कराया?"

फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "अठ्ठावीस!!! म्हणजे तू ठीक आहेस." मी सुटकेचा श्वास टाकला आणि कुकर घेऊन जिना चढले. कुलूप उघडते तोच फोन वाजला.

"आई, देहरादून दिल्लीपेक्षा चारशेएक मीटर उंच आहे. तू सगळी ढलानवरून आलीस."

"उतार म्हणतात त्याला."

"तेच. आणि मी नाही, सामान नाही. एसी पण बंद ठेवला असशील."

"थोडा वेळ."

"हे चीटिंग आहे यार." मग तिचा आवाज खाली आला. "मोहंडला मॅपवरचा तुझा डॉट किती वेळ हललाच नाही. गाडी बंद करून बसली होतीस ना? ॲव्हरेज पडू नये म्हणून?"

घरात दिवा लावायचा होता, पण एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कुकर होता.

"आई, आकडा सोड. तू ठीक आहेस का?"

हो म्हणणं सोपं होतं. दिवसभर मी त्याचीच तयारी केली होती. पण या मुलीने अडीचशे किलोमीटरवरूनही माझा पाय ओळखला असता.

"नाही," मी म्हणाले. "अजिबात ठीक नाही. पण म्हणून तू परत आलीस, तर मी जन्मभर ठीक होणार नाही. उद्या ती दिल्लीची सीट सोड."

पलीकडे तिने नाक ओढलं. "मी पण ठीक नाहीये," ती म्हणाली. "सोडते."

तर वाचकहो, दिल्ली-देहरादून एका टाकीत आरामात जाऊन-येऊन होतं, वर पेट्रोल उरतं. पंच्याऐंशीच्या वर जाऊ नका, ब्रेक लांबून लावा, डिकीत नको ते सामान वागवू नका. हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचं आहे. फक्त तुमचं ॲव्हरेज अचानक फार चांगलं आलं, तर गाडीतून कोण उतरलंय तेही बघा. मला तर गाडी भरलेली असतानाचा एकोणीसच बरा वाटतो.

सोमवारी दुपारी तिचा मेसेज आला की सीट सोडली. संध्याकाळी ऑफिसातून घरी आले. खाली कुणी खिडकीतून डोकं घातलं नाही. पडद्यावर सतरा होते. सपाट रस्ता, रोजचाच जॅम, सतरा. या वेळी लपवलं नाही, फोटो काढला आणि पाठवून दिला.

"सतरा? कोणाशी भांडलीस?"

मी लिहिलं, "भांडायला आहे कोण?"