घरचा हात

आमच्या प्रयोगशाळेत नमुने सांभाळणाऱ्या काकूंचा हात म्हणजे घरचा हात. डांग्या खोकल्याच्या रोग्यांचं रक्त तपासायचं, तर दर खेपेला शेजारी एका धडधाकट माणसाचं रक्त लागतं, नाहीतर तुलना कशाशी करणार? मी कामाला लागले त्याच्याही आधीपासून ते रक्त काकूंचं. बाही वर सारताना त्या दर वेळी ऐकवायच्या, "लहानपणी डांग्या खोकला काढलाय मी. माझ्या पेशी त्याला चांगल्या ओळखून आहेत." एरवी साधी बाई, पण या गोष्टीची भारी मिजास.

रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या टी पेशींना जुनी दुखणी किती आठवतात, हे पाहणं आमचं काम. जंतूचे मेलेले तुकडे नळीतल्या रक्तात घालायचे, रात्रभर उबेत ठेवायचे आणि सकाळी यंत्रातून मोजायचं, किती पेशी खवळून उठल्या. नुकत्याच आजारी पडलेल्याच्या पुष्कळ उठतात. काकूंच्या नेहमी मूठभर.

त्या दिवशी काकूंचे पाय जमिनीवर नव्हते. त्यांच्या लेकीला लग्नानंतर कैक वर्षांनी मुलगी झाली होती आणि संध्याकाळच्या गाडीने त्या बाळाला बघायला निघणार होत्या. बॅग टेबलाखाली तयार. पंधरवडाभर खोकत होत्या, पण त्याचं खापर आम्ही कधीच शीतपेटीवर फोडलं होतं. दिवसभर त्या गारठ्यात डोकं घातल्यावर दुसरं काय होणार?

यंत्राने आकडे दिले आणि माझं डोकं फिरलं. काकूंच्या पेशी रोग्यांच्या पेशींइतक्याच खवळलेल्या! "हा डबा भंगारात घाला एकदाचा," मी ओरडले. नळ्यांची अदलाबदल केली असेल म्हणून काकूंवरही डाफरले. त्यांनी निमूट नळी पुन्हा लावली. आकडा तोच. यंत्र पाहिलं, नळ्या पाहिल्या, रसायनं पाहिली. हात ज्या बाईचा, तिच्याकडे बघायचं काही आम्हाला सुचलं नाही.

आमच्या प्रमुख मॅडम आकडे बघायला यंत्राच्या पडद्यासमोर आल्या आणि नेमकी तेव्हाच काकूंना ढास लागली. चेहरा लालबुंद, श्वास घेता येईना.

मॅडम वळल्या. "काकू, नाकातला नमुना द्या. आत्ता."

दुपारी उत्तर आलं. डांग्या खोकलाच.

"अहो, पण मला होऊन गेलाय ना!" काकू म्हणाल्या.

"आठवण पुसट होते, काकू. तरी पेशी धावून आल्या, म्हणून एवढ्यावर निभावलंय. पण नाकात जंतू आहेत. ते तुमच्याकडून दुसऱ्याला जातील."

काकूंनी टेबलाखालच्या बॅगेकडे पाहिलं. बाळाचं लस टोचायचं वयही अजून झालं नव्हतं.

काकूंनी लेकीला फोन लावला.

"आई, निघालीस?"

"नाही गं. नाही येत मी." त्यांनी कारण सांगितलं.

"मला तू हवी आहेस गं आई," लेक रडायलाच लागली.

"औषध सुरू केलंय. मॅडम हो म्हणाल्या की त्याच दिवशी येते."

"मग निदान आवाज तरी ऐक तिचा," म्हणत लेकीने फोन बाळाजवळ धरला. बारीकशी कुरकुर ऐकू आली. काकू हसल्या आणि तेवढ्यात त्यांना पुन्हा ढास आली.

फोनमधून जंतू जात नाहीत, हे सारा जन्म जंतू हाताळलेल्या बाईला कुणी सांगायला हवं का? पण काकूंनी फोन माझ्या हातात कोंबला, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला धावल्या आणि भिंतीकडे तोंड करून खोकत राहिल्या.